मॅजिक अरीना: दोन पत्ते एकदम ट्रिगर झाले की आधी कुणाचा? सांगलीतनं एक रिव्ह्यू

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचं जे फुकट ॲप आहे, अरीना, त्याचे रिव्ह्यू ढिगानं सापडतात, ग्राफिक्स कसे, पॅक कितीला पडतात, पैसे न घालता कुठवर जाता येतं वगैरे. मला त्यातलं फारसं काही सांगायचं नाही. मी एकाच गोष्टीवर लिहिणार आहे, एकाच क्षणी दोन-चार पत्त्यांच्या ॲबिलिटी, म्हणजे पत्त्यावर लिहिलेली कामं, एकदम सुरू झाल्या (यालाच ट्रिगर होणं म्हणतात) की त्यातली आधी कुठली लागू होते, आणि हे ॲप ते नीट शिकवतं का. कारण आमच्या टेबलावर जेवढे वाद होतात त्यातले निम्म्याहून जास्त याच जागी होतात, आणि वाद सुटला नाही की डाव तिथंच मोडतो, पुढची मजा जाते.

माझं मत आधीच देतो म्हणजे ज्याला एवढंच पाहिजे त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालेल. शिकवतं, एकदम भारी शिकवतं, पण सेटिंगमधली एक गोष्ट बंद केल्याशिवाय नाही. ५ पैकी ४ स्टार.

आमचं टेबल विश्रामबागला बसतं. भाचा, त्याचे कॉलेजचे दोन मित्र, मी, आणि जमेल तेव्हा मिरजेहून एकजण येतो. चहा आणि भडंग असतं पण भडंग खाल्लेला हात पत्त्याला लावायचा नाही, प्लास्टिकचा स्लीव्ह घातलेला असला तरी नाही, तेल लागतंच. मोठ्या टूर्नामेंटला म्हणे हात वर केला की जज येतो आणि निकाल देऊन जातो, आमच्या टेबलावर कोण येणार, ज्याला नियम पाठ त्याचं ऐकायचं आणि दोघांना वेगवेगळा पाठ असला की झालंच. म्हणून अरीना आम्ही खेळायला कमी आणि जज म्हणून जास्त वापरतो, आणि हा रिव्ह्यू त्याच नजरेनं वाचा.

आता ज्या डावावरनं हे सगळं लिहावंसं वाटलं तो सांगतो. पत्ता आहे ब्लड आर्टिस्ट. दोन मानाचा (माना म्हणजे पत्ता टाकायची किंमत), ० बाय १ चा (मारायची ताकद ०, सोसायची १) व्हॅम्पायर, दिसायला किरकोळ, पण त्याच्यावर लिहिलंय की हा स्वतः किंवा दुसरा कुठलाही क्रीचर, म्हणजे लढणारा पत्ता, मेला की तुम्ही नेमलेल्या एका प्लेयरचं १ लाइफ जातं आणि तुम्हाला १ मिळतं. भाच्याकडं एक ब्लड आर्टिस्ट, माझ्याकडं एक ब्लड आर्टिस्ट, टेबलावर दुसरा क्रीचर नाही. त्याचं लाइफ २, माझं १. टर्न त्याची. त्यानं डे ऑफ जजमेंट टाकला, चार मानाचा, सगळे क्रीचर खल्लास. दोन्ही ब्लड आर्टिस्ट एकदम गेले.

इथं पहिला प्रश्न लगेच येतो की मेलेला पत्ता काम कसा करतो. करतो. मरण्याच्या ॲबिलिटी मागं वळून बघतात, मरायच्या आधीच्या क्षणी टेबलावर कोण होतं ते धरतात, म्हणून एकत्र मेलेले दोघंही एकमेकांचं मरण बघतात. म्हणजे माझा ब्लड आर्टिस्ट दोनदा ट्रिगर झाला, एकदा स्वतःसाठी, एकदा त्याच्यासाठी, आणि त्याचाही दोनदा. चार ट्रिगर, एकाच क्षणी.

भाचा म्हणाला, "मामा, टर्न माझी हाय, मग पैलं माझंच हुनार की, तुमचं एकच लाइफ हाय, गेलात तुम्ही." आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या, कारण ऐकायला ते एकदम बरोबर वाटतं. ज्याची टर्न त्याचं आधी. कुठल्याही खेळात असंच असतं.

मॅजिकमध्ये मात्र हे वाक्य अर्धंच खरं आहे. ज्याची टर्न त्याचे ट्रिगर आधी स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायची वाट बघणाऱ्या गोष्टींच्या ढिगावर, जातात, इथपर्यंत बरोबर. पण स्टॅक म्हणजे भाकरीची चवड आहे, शेवटी तव्यावरनं उतरलेली भाकरी सगळ्यात वर आणि खायला पहिली तीच हातात येते. भाच्याचे दोन ट्रिगर आधी ठेवले, ते तळाला गेले. माझे दोन त्यांच्यावर. मग वरनं सुरुवात. माझा पहिला, तो २ वरनं १ वर, मी १ वरनं २ वर. माझा दुसरा, तो ० वर. लाइफ ० झालं की गेम तिथंच तपासतो आणि त्याला हरवतो, त्याचे दोन ट्रिगर तळाला तसेच पडून, त्यांचा नंबरच आला नाही. पत्ता त्यानं टाकला, टर्न त्याची, आणि हरला तोच.

हेच सगळं माझ्या टर्नला झालं असतं तर उलटं. माझे तळाला, त्याचे वर, त्याचा पहिलाच लागला असता आणि मी १ वरनं ०. तेच पत्ते, तेच आकडे, फक्त टर्न कुणाची एवढ्यावर निकाल फिरतो. आणि त्याच्या त्या टर्नला त्याचं लाइफ २ च्या जागी ३ असतं तर अजून गंमत, माझे दोन लागून तो १ वर, मी ३ वर, मग त्याचे दोन लागून तो परत ३ आणि मी परत १, चार ट्रिगर होऊन आकडे होते तिथंच. मला हा खेळ आवडतो तो यासाठी. नशिबाचा भाग आहेच पण असा एखादा क्षण येतो तेव्हा ज्याला क्रम कळतो त्याला तो क्षण आधीपासनं दिसत असतो.

नियमाचं नाव खेळणाऱ्यांच्या तोंडी ॲपनॅप असं आहे, ॲक्टिव्ह प्लेयर आणि नॉन ॲक्टिव्ह प्लेयर, म्हणजे ज्याची टर्न तो आधी, मग बाकीचे टर्नच्या क्रमानं. कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स म्हणून कंपनीची नियमांची मोठी फाइल आहे, अडीचशेच्या वर पानं, फुकट डाउनलोड होते, त्यात १०१.४ आणि ६०३.३बी हे दोन नियम काढून बघा. ६०३.३बी मध्ये दुसरी पण गोष्ट आहे जी लोक विसरतात, एकाच प्लेयरचे दोन-तीन ट्रिगर एकदम झाले तर त्यांचा आपापसातला क्रम तो प्लेयर स्वतः ठरवतो. पत्ता आधी कुठला टाकला होता, टेबलावर डावीकडं कुठला, याच्याशी काही संबंध नाही. तुमची मर्जी.

आणि "एकदम" म्हणजे घड्याळातला तोच सेकंद असं पण नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुणी सांगत नाही. गेममध्ये अधूनमधून थांबा येतो, जिथं प्लेयरला काहीतरी करायची संधी मिळते, त्याला प्रायॉरिटी म्हणतात. एका थांब्यापासनं पुढच्या थांब्यापर्यंत जे काही ट्रिगर झालं ते सगळं एकाच गठ्ठ्यात धरतात. समजा एका स्पेलवर, म्हणजे मंत्राच्या पत्त्यावर, लिहिलंय की आधी एक कार्ड ओढा, मग एक टोकन, म्हणजे पत्त्याऐवजी खूण ठेवलेला क्रीचर, टेबलावर आणा, आणि तुमच्याकडं एक पत्ता कार्ड ओढल्यावर पेटणारा आणि दुसरा क्रीचर आल्यावर पेटणारा. कार्ड आधी ओढलं, टोकन नंतर आलं, पण स्पेल पूर्ण होईपर्यंत थांबा नाही, म्हणून दोन्ही ट्रिगर एकाच गठ्ठ्यातले आणि टोकनवाला आधी लावायचा का कार्डवाला ते तुम्ही ठरवणार.

आता ॲपवर येतो.

अरीनात स्टॅक उजव्या बाजूला दिसतो. ट्रिगर झाला की त्या पत्त्याचं छोटं चित्र तिथं येऊन बसतं, टार्गेट असेल तर तिकडं बाण जातो, दुसरा ट्रिगर आला की त्याच्यावर चढतो, आणि सुटताना वरनं एकेक निघतो. कागदी पत्त्यांत हे सगळं हवेत चाललेलं असतं, ट्रिगरला पत्ता नसतो, तो फक्त तोंडानं बोललेला असतो, म्हणून तर भांडणं होतात. इथं ते डोळ्याला दिसतं. नियमाची अडीचशे पानं एका बाजूला आणि हे चित्र एका बाजूला, ज्याला कळलं नव्हतं त्याला इथं कळतं. भाच्याला मी तोंडानं समजावत बसलो नाही, आम्ही दोघांनी आपापल्या स्क्रीनवर फ्रेंड लिस्टमधनं डायरेक्ट चॅलेंज लावलं आणि एका छोट्या उदाहरणावर दाखवलं.

ते उदाहरण कुणालाही करता येईल म्हणून सांगतो. सोल वॉर्डन दोन आणि अजानीज प्राइडमेट एक. सोल वॉर्डन म्हणजे दुसरा कुठलाही क्रीचर आला की तुम्हाला १ लाइफ. प्राइडमेट २ बाय २ चा, तुम्हाला लाइफ मिळालं की त्याच्यावर एक प्लस वन प्लस वन काउंटर, म्हणजे दोन्ही आकडे एकानं वाढवणारी खूण. आता चौथा कुठलातरी क्रीचर टाका. दोन्ही सोल वॉर्डन एकदम ट्रिगर, स्टॅकवर दोन चित्रं. वरचं सुटलं, १ लाइफ मिळालं, आणि आता इथं लक्ष देऊन बघा, दुसऱ्या वॉर्डनचं चित्र खाली तसंच आहे आणि त्याच्या डोक्यावर प्राइडमेटचं चित्र येऊन बसतं. नवा ट्रिगर रांगेच्या शेवटी जात नाही, वर चढतो. प्राइडमेट आधी ३ बाय ३ होतो, मगच दुसरा वॉर्डन सुटतो, मग परत प्राइडमेट, ४ बाय ४. हे एकदा डोळ्यानं बघितलं की रांग हा शब्द डोक्यातनं कायमचा जातो, आणि तो जाणं गरजेचं आहे कारण नव्या माणसाची सगळी गडबड रांग समजण्यातनं होते.

पण हे सगळं सावकाश बघायचं असेल तर फुल कंट्रोल लावावं लागतं. एरवी ॲप काय करतं, तुमच्या हातात त्या क्षणी करण्यासारखं काही नाही असं त्याला वाटलं की थांबा आपोआप सोडून देतं, फटाफट पुढं जातं. रोजच्या खेळाला ते बरोबरच आहे, नाहीतर एक डाव संध्याकाळभर चालेल. शिकताना मात्र कॉम्प्युटरवर कंट्रोलचं बटण दाबून फुल कंट्रोल चालू करा, मग प्रत्येक सुटणाऱ्या ट्रिगरनंतर गेम थांबतो आणि तुम्ही पुढं म्हणेपर्यंत हलत नाही.

आणि आता ती सेटिंग, जिच्यासाठी मी एक स्टार कापलाय. गेमप्लेच्या सेटिंगमध्ये ट्रिगर झालेल्या ॲबिलिटीचा क्रम आपोआप लावण्याची एक टिकमार्क आहे, ऑटो ऑर्डर ट्रिगर्ड ॲबिलिटीज. ती चालू असली की तुमचे स्वतःचे ट्रिगर गेम स्वतःच लावून टाकतो. बऱ्याच वेळा काही फरक पडत नाही, दोन सोल वॉर्डनमध्ये कुठला आधी याला काय अर्थ आहे. पण जिथं फरक पडतो तिथं तो निर्णय तुमचा आहे, नियमानं तुम्हाला दिलेला हक्क आहे, आणि नव्या माणसाला असा काही हक्क आहे हेच कळत नाही कारण त्याला कधी विचारलंच जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्याच्या ॲपमध्ये ही गोष्ट एवढ्या आत लपलेली नसावी, पहिल्या धड्यांत, ते पाच रंगांचे कलर चॅलेंज आहेत ना, तिथंच एकदा दाखवून द्यायला पाहिजे होती.

फरक कुठं पडतो त्याचं माझं आवडतं उदाहरण दोन पत्त्यांचं आहे. फायरेक्सियन अरीना, हा पत्ता आहे, ॲपच्या नावाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या अपकीपच्या, म्हणजे टर्नमधल्या अगदी सुरुवातीच्या एका टप्प्याच्या, सुरुवातीला एक कार्ड ओढायचं आणि १ लाइफ जातं. आणि फाउंटन ऑफ रिन्यूअल, एक मानाचं आर्टिफॅक्ट, तुमच्या अपकीपच्या सुरुवातीला १ लाइफ मिळतं. दोन्ही टेबलावर, तुमचं लाइफ १. अपकीप आला, दोन्ही एकदम ट्रिगर. फायरेक्सियन अरीना तळाला ठेवला आणि फाउंटन वर, तर आधी फाउंटन सुटतं, लाइफ २, मग अरीना, कार्ड आलं आणि लाइफ १. जिवंत आणि हातात एक कार्ड जास्त. उलटं ठेवलं तर आधी अरीना, लाइफ ०, खलास, फाउंटन स्टॅकवर तसंच, त्याचा १ तुम्हाला कधी मिळतच नाही. शेवटी हिशेब बरोबरीचा आहे, एक गेला एक आला, असं म्हणून चालत नाही, कारण दोन ट्रिगरच्या मधल्या फटीत गेम तपासणी करतो.

ही तपासणी म्हणजे स्टेट बेस्ड ॲक्शन, नियम ७०४. कुणालाही प्रायॉरिटी मिळायच्या आधी प्रत्येक वेळी गेम बघतो, कुणाचं लाइफ ० किंवा खाली आहे का, कुणावर १० पॉयझन काउंटर झालेत का, रिकाम्या गड्डीतनं कुणी कार्ड ओढायला गेलं का, कुठल्या क्रीचरला जीव जाण्याएवढा डॅमेज बसलाय का. जे सापडेल ते सगळं एकाच झटक्यात करतो. यात क्रम नाही, टर्न कुणाची नाही, स्टॅक नाही, कुणी मध्ये बोलू शकत नाही. म्हणून दोघंही एकाच तपासणीत ० वर सापडले तर आधी कोण मेलं हा प्रश्नच येत नाही, गेम ड्रॉ. आमच्या टेबलावर एकजण कायम सांगायचा की अशा वेळी ज्यानं स्पेल टाकला तो जिंकतो. नाही ओ. ड्रॉ म्हणजे ड्रॉ.

ब्लड आर्टिस्टचा डाव आणि हा ड्रॉ यातला फरक नीट धरा, कारण सगळं त्यातच आहे. एकाच स्पेलनं दोघांना एकदम डॅमेज दिला तर तो एकच धक्का, दोघं एकत्र ०, ड्रॉ. पण तेच नुकसान दोन वेगवेगळ्या ट्रिगरमधनं आलं तर ते कितीही "एकदम" झाले असले तरी सुटताना एकापाठोपाठ सुटतात, मध्ये तपासणी होते आणि एकच जण मरतो.

मग तिसरा प्रकार, रिप्लेसमेंट. "असं होणार असेल तर त्याऐवजी तसं होईल" अशी भाषा असलेले पत्ते. हे ट्रिगर नाहीत, स्टॅकवर जात नाहीत, घटना घडायच्या आधीच तिला वळवतात. दोन रिप्लेसमेंट एकाच घटनेवर आल्या तर ज्याच्यावर ती घटना घडतीय तो प्लेयर, किंवा ज्या पत्त्यावर घडतीय तो ज्याच्या ताब्यात आहे तो, आधी कुठली लावायची ते ठरवतो, नियम ६१६. हार्डन्ड स्केल्स आणि डबलिंग सीझन हे उदाहरण सगळीकडं दिलं जातं आणि ते आहेच चांगलं. तुमच्या क्रीचरवर एका स्पेलनं १ काउंटर येणार आहे. स्केल्स म्हणतं एक जास्त घ्या, सीझन म्हणतं दुप्पट घ्या. आधी स्केल्स लावलं तर १ चे २, दुप्पट ४. आधी सीझन लावलं तर २, मग एक जास्त, ३. म्हणजे कुणीही शहाणा माणूस स्केल्स आधी लावणार. यासाठीही सेटिंगमध्ये आपोआप निवडायची टिकमार्क आहे, तीही काढून ठेवा, ज्या दिवशी हे दोन पत्ते एकत्र खेळाल त्या दिवशी निवड तुमच्या हातात असलेली बरी.

एक बारीक गोष्ट अजून, कारण ती डावपेचाची आहे. ट्रिगर स्टॅकवर ठेवतानाच टार्गेट सांगावं लागतं, सुटताना नाही. ज्याची टर्न तो आधी ठेवतो, म्हणजे त्याची टार्गेट आधी उघडी पडतात, समोरचा ते बघून स्वतःची ठरवतो आणि वर सुटतात पण आधी त्याचीच. दोन्ही फायदे समोरच्याला. नुसत्या निवडीतही तेच, "प्रत्येक प्लेयरनं एक क्रीचर बळी द्यावा" असा पत्ता असला की टर्नवाला आधी निवडतो, समोरचा त्याची निवड ऐकून मग स्वतःचा सांगतो, आणि मग दोन्ही एकदम जातात. हे नीट कळलेला माणूस आपल्या टर्नला सगळं पेटवून द्यायची घाई करत नाही, जमलं तर समोरच्याच्या टर्नपर्यंत थांबतो.

जुन्या लोकांसाठी थोडं. रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ १९९३ ला आला, आणि तेव्हा स्टॅक नव्हता. इंटरप्ट नावाचे वेगळे पत्ते, बॅच नावाची वेगळी भानगड, कशाला कशानं कधी उत्तर द्यायचं याचे वेगवेगळे कायदे. १९९९ ला सिक्स्थ एडिशनबरोबर नियम नव्यानं लिहिले आणि स्टॅक आला. त्यानंतर बरीच वर्षं लढाईतला डॅमेजसुद्धा स्टॅकवर जायचा, ते २००९ ला काढलं, आता लढाईचा डॅमेज सगळ्यांना एकदम बसतो. म्हणून कुणी खूप जुना खेळाडू भेटला आणि वेगळंच काही सांगायला लागला तर तो खोटं बोलत नसतो, त्याच्या वेळी ते तसंच होतं.

दुसरी ॲप पण आम्ही वापरून बघितलीत म्हणून थोडक्यात तुलना करतो. कोनामीचं यू-गी-ओचं मास्टर ड्युएल, २०२२ चं, त्यात स्टॅकच्या जागी चेन आहे आणि ती पण उलटीच सुटते. पण एकदम पेटलेल्या इफेक्टचा क्रम तिथं चार पायऱ्यांचा आहे, आधी टर्नवाल्याचे कंपल्सरी, मग समोरच्याचे कंपल्सरी, मग टर्नवाल्याचे ऐच्छिक, मग समोरच्याचे ऐच्छिक. मॅजिकमध्ये "मे" लिहिलेला ट्रिगर सुद्धा आधी स्टॅकवर जातो, करायचं का नाही ते सुटताना ठरतं, म्हणून असा भेद लागत नाही. दुसरा मोठा फरक, चेन एकदा सुटायला लागली की मध्ये कुणी काही घालू शकत नाही, ते प्राइडमेट मध्येच वर चढण्याचं प्रकरण तिथं नाहीच, नव्यानं पेटलेलं पुढच्या चेनची वाट बघतं. आणि तिथं वाक्यरचनेवर जीव आहे, "जेव्हा असं होईल तेव्हा करू शकता" अशा ऐच्छिक इफेक्टच्या वेळी ती घटना सगळ्यात शेवटची नसेल तर संधीच हुकते. अभ्यास करणाऱ्याला मजा येईल, नव्याला मी देणार नाही.

पोकेमॉन टीसीजी पॉकेट, ऑक्टोबर २०२४ चं, एकदम हलकं. पोकेमॉनच्या कागदी खेळातही स्टॅक नाही, टर्नच्या मधल्या तपासणीत विष, मग भाजणं, मग झोप, मग लकवा असा ठरलेला क्रम आहे. शाळेतल्या पोरांना तिथनं सुरुवात करून द्या, चांगलं आहे. पण आधी कुणाचा हा प्रश्न ज्याला चावतो त्याचं तेवढ्यावर भागणार नाही.

अरीनाच्या बाकीच्या गोष्टी पटकन. भाषा मराठी नाही, हिंदीही नाही, पत्त्यांवरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे आणि ते साधं नसतं, एकेक शब्द मोजून टाकलेला असतो. पैसे न घालता खेळता येतं, वाइल्डकार्ड जमवून पाहिजे तो पत्ता घेता येतो, फक्त धीर पाहिजे. एकट्यानं प्रयोग करायचे असतील तर स्पार्की नावाचा बॉट आहे, आपला डेक घेऊन त्याच्याशी खेळायचं, घाई नाही, समोरचा वैतागत नाही. फोनवर चालतं पण स्टॅकवर पाच-सहा ट्रिगर चढले की चित्रं बारीक होतात आणि एकेक दाबून मोठं करून बघावं लागतं, शिकायला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपच बरा.

एक कमी मात्र खरी आहे, चौघांचा खेळ अरीनात नाही. ब्रॉल नावाचा खेळाचा प्रकार आहे पण दोघांचाच. आणि आमच्यासारखे ग्रुप जे खेळतात ते कमांडर, चौघं, १०० पत्त्यांचा डेक, ४० लाइफ, तिथं तर एकदम होणारे ट्रिगर म्हणजे नुसता पाऊस. नियम तोच आहे, टर्नवाला आधी ठेवणार, मग त्याच्या डावीकडनं एकेक जण, म्हणजे सगळ्यात शेवटी ठेवणाऱ्याचं, म्हणजे टर्नवाल्याच्या उजव्या हाताला बसलेल्याचं, सगळ्यात आधी सुटणार. पण हे दाखवायला तिथं अरीना नाही.

म्हणून आम्ही अरीनाच्या उजव्या बाजूची नक्कल टेबलावर करतो. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, पत्त्याच्याच मापाच्या, आणि एक पेन. ट्रिगर झाला की चिठ्ठीवर पत्त्याचं नाव, खाली टार्गेट कोण, आणि ती मध्यभागी ठेवायची, पुढच्याची तिच्यावर. टार्गेट लिहिल्याशिवाय चिठ्ठी ठेवायची नाही हा आमचा नियम, कारण वरच्या दोन सुटल्यावर परिस्थिती बदलते आणि मग प्रत्येकाला आपलं टार्गेट दुसरंच होतं असं आठवायला लागतं. सगळ्यांच्या ठेवून झाल्या की मगच वरची उचलायची, वाचायची, लाइफ बदलायचं, कुणी ० वर गेलंय का बघायचं, नवीन काही पेटलं असेल तर त्याची चिठ्ठी वर, आणि मग पुढची.